पोस्टरवर परी, पडद्यावर काय?

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. सुट्टीत नणंदेची मुलं त्यांच्याकडे राहायला येणार आहेत. घरातली दोन धरून पोरांची संख्या पाच. सगळ्यात मोठी अकरा वर्षांची, सगळ्यात धाकटा सहाचा. पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं एका परदेशी सिनेमाचं नाव सुचवलंय. पोस्टरवर पाठमोरी लहान मुलगी आहे, वेडंवाकडं झाड आहे, परीकथा आहे म्हणतात, शिवाय ऑस्करही मिळालंय. पण ओळखीतल्या एकीनं ‘मुळीच दाखवू नका’ असं बजावलंय. आता ऐकायचं कुणाचं?

ताई, उत्तर आधीच देऊन टाकते. दाखवू नका. सहाच्या मुलाला तर नाहीच नाही, अकराच्या मुलीलाही अजून नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नसतं. मुलं लगेच ‘का?’ विचारतात, आणि त्यांना ‘मी सांगते म्हणून’ हे उत्तर चालत नाही. आपल्यालाही ते चालू नये. कारण नीट समजलं, तर पुढचा सिनेमा आला की कुणाला विचारायची गरज उरत नाही. म्हणून आज या एका सिनेमाच्या निमित्तानं, ज्याला ‘डार्क फॅन्टसी’ म्हणतात त्या काळोख्या अद्भुतकथांबद्दल थोडं सविस्तर बोलू.

गोष्ट आहे तरी काय?

सिनेमाचं नाव ‘पॅन्स लॅबिरिन्थ’. मेक्सिकोचे दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांनी तो २००६ साली स्पॅनिश भाषेत केला. ऑस्कर एक नव्हे, तीन मिळाली: छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा यांची. म्हणजे भाच्याची माहिती खोटी नाही. सिनेमा चांगला आहे का, असं विचारलंत तर फारच चांगला आहे. पण चांगला सिनेमा आणि मुलांचा सिनेमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली गल्लत होते ती नेमकी इथं.

काळ आहे १९४४ चा. स्पेनमधलं यादवी युद्ध १९३९ साली संपलंय, जनरल फ्रँकोची हुकूमशाही बसलीय, पण डोंगरात अजून बंडखोर दडून आहेत. त्यांना निपटायला एका जुन्या गिरणीत लष्कराचं ठाणं आहे. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन विदाल. त्याच्याकडे राहायला येतात त्याची नवी गरोदर बायको आणि तिची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी ओफेलिया. मुलगी पुस्तकांत रमणारी. गिरणीजवळच्या पडक्या चक्रव्यूहात तिला एक प्राणी भेटतो. अर्धा माणूस, अर्धा बोकड, डोक्याला वळलेली शिंगं. त्याला फॉन म्हणतात. तो तिला सांगतो, तू पाताळातल्या राज्याची हरवलेली राजकन्या आहेस. पौर्णिमेच्या आत तीन कामं पार पाड, म्हणजे तुला घरी परतता येईल.

इथपर्यंत वाचून वाटेल, अरे, ही तर आपल्या आजीच्याच गोष्टीसारखी गोष्ट! राजकन्या, तीन कामं, राक्षस. खरंच तशी आहे. पहिल्या कामात अंजिराच्या झाडाखाली दडलेला भला थोरला बेडूक आहे. दुसऱ्या कामात एक फिकट, लोंबत्या कातडीचा राक्षस मेजवानीच्या टेबलाशी बसलेला आहे. त्याचे डोळे समोरच्या ताटलीत, ते तो तळहातात बसवतो आणि हात चेहऱ्यासमोर धरून बघतो. टेबलावरचं काहीही खायचं नाही अशी अट असते. ओफेलिया दोन द्राक्षं खाते आणि राक्षस जागा होतो.

ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना विचारा, मुलांसाठी यात वाईट काय? दहांतले नऊजण या राक्षसाचंच नाव घेतील. तो भयंकर आहे यात वादच नाही. खोलीत लहान मुलांच्या चपलाबुटांचा ढीग पडलेला दिसतो, तेवढ्यावरून काय ते समजतं. पण माझ्या मते या सिनेमातला सगळ्यात वाईट प्रसंग तो नाहीच.

सगळ्यात वाईट प्रसंगात राक्षस नाही, जादू नाही. ठाण्यावर रात्री दोन शेतकरी पकडून आणतात, बाप आणि मुलगा. आम्ही सशाच्या शिकारीला निघालो होतो, असं ते सांगतात. कॅप्टन बाटली घेतो आणि बापाच्या डोळ्यांदेखत मुलाचा चेहरा ठेचतो. मग बापाला गोळी घालतो. नंतर पिशवी उघडतात तर आत खरंच ससा निघतो. कॅमेरा तोंड फिरवत नाही. पुढे एका बोबड्या कैद्याचा छळ आहे, भूल न देता पाय कापणं आहे, आणि कॅप्टन आरशासमोर स्वतःचा फाटलेला गाल स्वतःच शिवतो तेही आहे. शेवटही सांगून टाकते, कारण पालकांना तो माहीत असायलाच हवा. सावत्र बाप ओफेलियाला गोळी घालतो आणि ती मरते. ती पाताळातल्या राज्यात पोहोचली, की मरताना तिला तसं दिसलं, हे दिग्दर्शक आपल्यावर सोडतो. मोठ्यांना यात खोल अर्थ सापडतो. पण सहा वर्षांच्या मुलाला एवढंच दिसतं, की एका घरातल्या मोठ्या माणसानं घरातल्या लहान मुलीला मारून टाकलं.

अमेरिकेत या सिनेमाला ‘आर’ दर्जा मिळाला, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच थिएटरात यायचं. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांखालच्यांना बंदी. गोष्टीच्या मध्यभागी मूल आहे म्हणून सिनेमा मुलांचा होत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडायचं नाही.

मग आपल्या गोष्टी काय गुळमुळीत होत्या?

इथं काही वाचक म्हणतील, तुम्ही उगाच बाऊ करता. आपणही भीतीच्याच गोष्टी ऐकून मोठे झालो. खरंय. चिलया बाळाची गोष्ट आठवा. अतिथीच्या रूपात आलेला शंकर श्रियाळ राजाकडे त्याच्या पोराचंच मांस मागतो, आणि चांगुणा स्वतःच्या हातानं लेकराचं डोकं उखळात कांडते. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि मांडीवरची पोरं टकामका बघत असायची. नरसिंहानं हिरण्यकश्यपूचं पोट उंबरठ्यावर फाडलं, हे आपण पोरांना दूधभाताच्या घासाबरोबर सांगतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या वाटेवर वाघ असतोच. तळकोकणात आणि गोव्याच्या वेशीवर दशावतारी नाटकात काळा संकासुर येतो, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं किंचाळतात आणि पुढच्या क्षणी त्याच्याच चाळ्यांना हसतात.

म्हणजे काळोख वाईट नाही. तो परदेशातून आलेला नाही. उलट, मुलांना तो हवाही असतो. जगात भीतीदायक काहीतरी आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्या ‘काहीतरी’ला नाव, तोंड आणि शेवट देणारी गोष्ट त्यांना बळ देते. वाघाला फसवून म्हातारी घरी पोहोचते, हे मूल पन्नास वेळा ऐकतं, ते उगाच नाही.

पण सांगितलेली गोष्ट आणि दाखवलेली गोष्ट यांत मोठा फरक आहे. आजी वाघ म्हणते तेव्हा वाघ केवढा, हे मूल स्वतः ठरवतं. आपल्या पोटात मावेल एवढाच वाघ ते मनात उभा करतं. शिवाय आजीचं लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे असतं. डोळे विस्फारले, बोटं लुगड्याला घट्ट धरू लागली, की आजी वाघाला जरा लांब नेते, मध्येच एक विनोद टाकते, नाहीतर म्हणते, ‘उरलेली उद्या.’ दशावतारातल्या संकासुरालाही समोरची पोरं दिसतात. सिनेमाला मात्र कुणीच दिसत नाही. सहाचा असो की साठचा, तो सगळ्यांना तेवढाच मोठा राक्षस दाखवतो, तेवढाच वेळ दाखवतो, आणि मूल रडतंय म्हणून थांबत नाही. थांबायचं काम सिनेमाचं नाही, रिमोट हातात असलेल्या माणसाचं आहे.

घरचंच उदाहरण घ्यायचं तर ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा हिंदी सिनेमा २०१८ साली आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा तो अनेकांनी पहिल्यांदा पाहिला. कोकणातला पाऊस, वाडा, सोवळंओवळं, विनायकराव हे नाव, साखळदंडानं बांधलेली म्हातारी. सगळं इतकं ओळखीचं, की ही आजीची गोष्ट समजून पोरांनाही बसवावं असं वाटतं. लोभाचा शेवट वाईट, हा बोधही पंचतंत्राचाच. पण त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. गोष्टीचा सांगाडा ओळखीचा असला, म्हणून अंगावर येणारं चित्र पचण्यासारखं होत नाही.

एका सोफ्यावर दोन सिनेमे

आता वयाकडे वळू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्राध्यापिका जोअॅन कँटर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षं काम केलं. १९९८ साली त्यांचं पालकांसाठीचं पुस्तकही निघालं. त्यांच्या संशोधनातून एक साधी पण फार उपयोगी गोष्ट पुढे आली. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं ‘दिसण्याला’ भितात. विद्रूप चेहरा, अचानक बदललेलं रूप, मोठे दात यांची त्यांना भीती वाटते. आतला माणूस चांगला आहे की वाईट, हा विचार नंतरचा. तिकडच्या टीव्हीवर पूर्वी ‘हल्क’ची मालिका लागायची. हल्क हा भला माणूस, लोकांना वाचवणारा. तरी त्याचं अंग फुगून हिरवं होऊ लागलं की बालवाडीतली मुलं घाबरायची. मोठ्या मुलांना तो वाचवायला आलाय हे कळायचं, म्हणून ती त्याची वाट बघायची.

नऊ-दहाच्या पुढे भीतीची जात बदलते. आता राक्षस खोटा आहे हे मुलाला कळतं. पण जे खरंच घडू शकतं त्याची भीती वाटू लागते. आई मरणं, घरात मारहाण, पळवून नेणं, युद्ध, गोळी.

हे लक्षात ठेवून ‘पॅन्स लॅबिरिन्थ’कडे परत या. सहाचा धाकटा तळहातावरचे डोळे बघून किंचाळेल आणि महिनाभर रात्री एकटा परसात जाणार नाही. अकराची ताई त्या राक्षसाला कदाचित हसेलसुद्धा. पण कॅप्टनची बाटली तिच्या डोक्यातून जाणार नाही, बाळंतपणात मेलेली आई जाणार नाही. आणि ती किंचाळणार नाही, गप्प राहील. आपल्याला वाटेल, मोठीला काही झालं नाही! म्हणजे एकाच घरात, एकाच सोफ्यावर बसून दोघं दोन वेगळे सिनेमे बघतील, आणि दोघांनाही ते जड जातील.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. सिनेमा स्पॅनिश आहे आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात. सहाच्या मुलाला ती वाचता येणार नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त चित्रं पोहोचतील, खुलासा पोहोचणार नाही. परभाषेतला सिनेमा मुलांना दाखवताना हे कुणी लक्षात घेत नाही.

मग काळोखी पण मुलांची, अशी गोष्ट असते का?

असते. २००९ साली आलेला हेन्री सेलिक यांचा ‘कोरलाइन’ घ्या. बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेला सिनेमा. कोरलाइन आईबाबांबरोबर नव्या घरात येते. दोघं कामात बुडालेले, तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. एका छोट्या दारापलीकडे तिला दुसरी आई सापडते. गोड बोलणारी, रोज आवडीचं रांधणारी. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी गुंड्या शिवलेल्या आहेत, आणि कायम इथंच राहायचं तर तुझ्याही डोळ्यांवर गुंड्या शिवायच्या, एवढीच तिची अट आहे.

कल्पना ऐकूनच काटा येतो. पुढे ही दुसरी आई कोळ्यासारखं रूप घेते, तिच्या तावडीत सापडलेल्या तीन मुलांची भुतंही आहेत. तरीही अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे याला ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ एवढाच शेरा मिळाला. कारण इथं मुलीच्या हातात काहीतरी आहे. मदतीला बोलणारं मांजर आहे. ती घाबरते, पण डोकं लढवते. आणि शेवटी ती स्वतः जिंकते, खऱ्या आईबाबांना सोडवते आणि परत घरी येते. क्रौर्य आहे, पण ते गुंडीच्या, सुईच्या, जाळ्याच्या रूपात आहे. रक्तमांसाच्या ओळखीच्या माणसाच्या हातून ते होत नाही. नऊ-दहाच्या पुढच्या, जरा धीट मुलांना शेजारी बसून हा सिनेमा दाखवायला माझी हरकत नाही. अकराच्या ताईसाठी तो जरूर आणा. सहाच्या भावाला मात्र नको. आईचाच चेहरा बदलतो, ही त्या वयाला न पेलणारी भीती आहे. हल्कचं सांगितलं, तेच इथं लागू.

प्रमाणपत्र कुठं पुरतं, कुठं नाही

पुष्कळजण म्हणतात, सरकारचं प्रमाणपत्र असतंच की! असतं, आणि ते आधी बघावंच. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली पूर्वी ‘यू’ आणि ‘ए’ हे दोनच मुख्य गट होते. मधला ‘यूए’ १९८३ साली आला, बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवावं म्हणून. गंमत अशी, की अमेरिकेतही त्याच सुमारास हीच अडचण उभी राहिली. १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेम्लिन्स’ हे दोन सिनेमे आले. मुलांसाठी जरा जास्त, मोठ्यांसाठी जरा कमी. पालक रागावले, आणि त्याच वर्षी तिथं ‘पीजी-१३’ हा नवा गट काढावा लागला. म्हणजे काळोख्या अद्भुतकथा नेहमीच दोन खणांच्या मधल्या फटीत पडत आल्यात.

आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीनं आणि २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे तीन भाग झाले: सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पुढचे. ऑनलाइन सिनेमांसाठी असेच गट २०२१ च्या नियमांनी आले. तिथं सुरुवातीला हिंसा, भीती, भाषा असं थोडक्यात लिहून यावं लागतं, आणि तेरा वर्षांपुढच्या गटांना पालकांचं कुलूप लावायची सोयही ठेवावी लागते. ही सोय फुकट आहे, पण किती घरांत ती वापरली जाते?

मात्र एक ध्यानात घ्या. ‘यूए’ हा मनाई हुकूम नाही, सल्ला आहे. थिएटरचा माणूस ‘ए’च्या सिनेमाला पोराला अडवील, ‘यूए’च्या नाही. तिथं दारावरचा माणूस तुम्हीच. दुसरं असं, की एकाच मालिकेतले भागही सारखे नसतात. हॅरी पॉटरचे पहिले तीन सिनेमे अमेरिकेत सौम्य गटात होते, २००५ सालच्या चौथ्याला पहिल्यांदा ‘पीजी-१३’ मिळालं. पहिला भाग आवडला म्हणून आठवीतल्या दादानं चौथा लावला, आणि मांडीवर पहिलीतली बहीण, असं घरोघरी होतं.

पाच प्रश्न

तेव्हा कुठलाही काळोखा सिनेमा मुलांसमोर लावण्याआधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारा. त्यासाठी सिनेमा आधी स्वतः बघायला लागतो. निदान कुणी बघितलेल्याला नीट विचारायला लागतं.

एक, दुष्टपणा कोण करतं? राक्षस, चेटकीण, की बाप, काका, शिपाई? माणूस जितका ओळखीचा, तितकी भीती घरात शिरते.

दोन, इजा दाखवलीय की सुचवलीय? तलवार उगारली आणि दृश्य बदललं, हे वेगळं. कॅमेरा जखमेवरच थांबला, हे वेगळं.

तीन, गोष्टीतल्या मुलाला कुणाचा तरी हात आहे का? आई, आजी, मित्र, मांजरसुद्धा चालेल. आणि त्याच्या धिटाईनं काही बदलतं का?

चार, शेवटी मूल घरी पोहोचतं का? दुःखाचा शेवट वाईट नसतो, पण तो पेलायला वय लागतं.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचा, माझं मूल कसं आहे? वीज कडाडली तरी ढिम्म झोपणारं, की कुत्रं केकाटलं तरी दचकणारं? घरात नुकतंच कुणी गेलंय का? आई दवाखान्यात जाणार आहे का? प्रमाणपत्र देणाऱ्याला हे माहीत नसतं. तुम्हाला असतं. आणि पाच पोरं एकत्र बसणार असतील, तर निवड सगळ्यात धाकट्याच्या मानानं करा. मोठ्यांसाठी वेगळी वेळ काढता येते.

आणि घाबरलाच तर?

एवढं करूनही मूल कुठंतरी काहीतरी बघतंच. शेजारी, मावशीकडे, मोबाइलवर. रात्री उठून अंथरुणात बसलं, तर काय करायचं?

लहान असेल तर व्याख्यान देऊ नका. ‘ते खोटं असतं रे’ हे त्याला पटत नाही, कारण त्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जवळ घ्या, दिवा लावा, पाणी द्या, कुशीत झोपवा. मोठं असेल तर बोला. या सिनेमातला फॉन आणि तो फिकट राक्षस या दोन्हींच्या सोंगात एकच नट आहे, डग जोन्स नावाचा. तासन्‌तास बसवून त्याला रबराची कातडी चढवायचे. असं काही सांगितलं की मोठ्या मुलाची भीती कुतूहलात बदलते.

पण दोघांच्याही बाबतीत एक वाक्य तोंडातून काढू नका: ‘एवढा घोडा झालास आणि घाबरतोस?’ चारचौघांत हसू नका, पाहुण्यांना किस्सा म्हणून सांगू नका. मूल त्या रात्री भ्यायचं थांबत नाही, आपल्याला सांगायचं थांबतं. आणि आज ज्यानं राक्षसाची भीती सांगायचं सोडलं, तो उद्या रिक्षावाल्या काकाची, शिकवणीच्या सरांची, घरातल्याच कुणाची भीतीही सांगणार नाही. सिनेमा दोन तासांत संपतो, हे नुकसान मात्र फार काळ टिकतं. म्हणून मला हा प्रश्न नुसता करमणुकीचा वाटत नाही.

खरं तर ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ हा सिनेमा याच गोष्टीचा आहे. ओफेलियाभोवती माणसं पुष्कळ आहेत, पण तिचं ऐकणारं कुणी नाही. आजारी आईच्या खाटेखाली तिनं दुधात ठेवलेलं माणसाच्या आकाराचं मूळ सापडतं, तेव्हा आई तिला जवळ घेऊन ‘हे का ठेवलंस?’ विचारत नाही. जादूबिदू काही नसतं म्हणते आणि मूळ चुलीत टाकते. आई वाईट नाही. थकलेली आहे, नवऱ्याला भ्यालेली आहे. तिथं एकटी मर्सेदिस, ठाण्यावर काम करणारी बाई, पोरीला कुशीत घेते आणि शब्द आठवत नाहीत म्हणून नुसत्या सुरात अंगाई गुणगुणते. संबंध सिनेमात त्या पोरीला मिळालेला खरा आसरा तेवढाच.

म्हणून ताई, सुट्टीत पोरांसाठी दुसरं काही आणा. आणि हा सिनेमा, पोरं झोपल्यावर, आवाज बारीक करून, यजमानांना शेजारी बसवून तुम्ही दोघं बघा. तो मुलांसाठी नाही, मुलांच्या आईबापांसाठी आहे. बघून झाल्यावर झोपायला जाताना पोरांच्या अंगावरचं पांघरूण तुम्ही नक्की एकदा सारखं कराल.